अक्काचा पाचवा डबा

आमच्या राजाजीनगरात माझं बोलणं बारा आणे वजा करून ऐकायची पद्धत आहे. माझी काही तक्रार नाही. ‘हा टोप तुमच्या पणतूच्या मुंजीतसुद्धा लखलखेल’ असं दिवसातून चाळीस वेळा सांगणाऱ्या भांडीवाल्याचं बोलणं पुरतं सोळा आणे धरलं, तर गिऱ्हाईकच वेडं ठरेल. तेव्हा तुम्हीही पुढचं सगळं खुशाल वजाबाकी करून वाचा. मात्र डबा आला की थांबा. अक्काच्या पाचव्या डब्याबद्दल मी जे लिहिणार आहे, त्यात मी मोहरीएवढंही वाढवलेलं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिची मुलगी मधुरा मल्लेश्वरमच्या बाजूला एका सरकारी संशोधन संस्थेत काम करते. विषय कोणता, तर खाण्याजोगं शेवाळ. तिच्यासमोर शेवाळ म्हणायची सोय नाही, ती लगेच सुधारते: नीलहरित जीवाणू, नाव नॉस्टॉक. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत, जिथे झाडाचीसुद्धा उगवायची छाती होत नाही, तिथल्या पाणथळ कुरणांत हे जीवाणू लाखोंनी एकत्र येऊन द्राक्षाएवढे हिरवे गोळे करतात, आणि तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ते रश्शात घालून खातात. हवेतला नायट्रोजन ओढून स्वतःचं खत स्वतः करणारं, ना शेत मागणारं ना नांगर, असं हे अन्न. ते बंगळुरात वाढवता आलं तर बहार, असं संस्थेला वाटलं आणि मधुराला तीन वर्षांची नेमणूक मिळाली.

अडचण एकच होती. बंगळुरात गोळा गोल राहीना. रीतसर कागदपत्रं करून वाळवलेले गोळे यायचे, पाण्यात घातले की टम्म फुगायचे. मग ही पोरगी त्यांच्या अंगावरचे बाकीचे बारीकसारीक जीवाणू औषधं घालून साफ करायची, कारण शास्त्राला शुद्ध वाण लागतो. आणि महिन्याभरात गोळ्यांचा हिरवा चिखल व्हायचा. दोन वर्षं हेच चाललं. शेवटी तिच्या वरिष्ठ बाईंनी सांगितलं, एकदा स्वतः जा आणि ताजे गोळे घेऊन ये. यंदा ते गोल वाढले तर नेमणूक पुढे चालू, नाही तर हे काम इथेच थांबवू.

सोबत जाणारा सहकारी ऐन वेळी स्कूटरवरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये घालून बसला. अक्का म्हणाली, एकटीला सोडणार नाही. मधुरा एकतीस वर्षांची आहे हे तिनं स्वतःच आईला तीन वेळा सांगून पाहिलं. मग मी म्हटलं, मी जातो. उचलायला, ठेवायला, ओझ्याला माणूस हवाच होता, आणि पितळी घंगाळं उचलून माझे खांदे असे झालेत की बैल लाजतील. मधुरानं दोन अटी घातल्या. मी फार बोलायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही. पहिली अट बंगळूरच्या विमानतळावरच मोडली. दुसरी मोडली, त्याचीच ही गोष्ट.

कुस्को

प्रवासाचं वर्णन करत नाही. के. आर. पुरमच्या पुलाखाली संध्याकाळी सहाला जो अडकला आहे त्याला लांबचा प्रवास म्हणजे काय हे मी काय सांगणार. फरक एवढाच की विमानात हॉर्न वाजवता येत नाही.

अक्कानं निघताना पाच डबे दिले होते. आमच्याच दुकानातले, रबरी रिंगच्या झाकणांचे, मोठ्यापासून लहानापर्यंत, प्रत्येकाच्या बुडाशी तिचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. चौघांत दशम्या, चटण्या, मेतकूट आणि कोडबळी, आणि पाचव्या, सगळ्यांत लहान डब्यात बेसनाचे लाडू. त्या पाचव्याची रिंग झिजली होती म्हणून मी निघायच्या आदल्या दिवशी नवी बसवली. अक्कानं डबे मोजून दिले आणि मोजून परत आणायला सांगितले. ज्यांच्या घरी बहीण आहे त्यांना हे कळेल. अशा बहिणीला भाऊ नाही आला तरी चालतं, डबा आला पाहिजे.

कुस्को या तिथल्या डोंगरातल्या शहरात उतरलो तेव्हा आमच्या चार बॅगांपैकी तीन आल्या. चौथीत मधुराच्या नमुन्यांच्या प्लास्टिकच्या बाटल्या होत्या. ती बॅग कोणत्या खंडात गेली हे अजून कळलेलं नाही. विमानतळावर आम्हाला घ्यायला विल्बर आला होता. तो तिथल्या विद्यापीठात काम करणारा मधुराचा जोडीदार संशोधक, सगळे परवाने त्याच्याच नावावर. जाडजूड, लाजाळू आणि वेळेचा पक्का. त्यानं सांगितलं की पाणथळावर नमुने घ्यायचा परवाना दोनच दिवसांचा आहे, उद्या आणि परवा. बाटल्या शोधत बसलो तर परवाना संपेल.

मधुराचा चेहरा उतरला. मी न बोलता (आयुष्यातली ती एक वेळ) पाच रिकामे डबे टेबलावर ओळीनं मांडले. तोवर दशम्या संपल्या होत्या, लाडू तर समुद्र ओलांडायच्या आतच संपले होते. तिनं डब्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खानावळीच्या मालकिणीकडून मोठं पातेलं मागून पाचही डबे झाकणांसकट खळखळ उकळायला टाकले. अक्काच्या लग्नाच्या तारखेला तेवढी वाफ लग्नातसुद्धा मिळाली नसेल.

आता उंचीचं सांगतो. आम्ही बंगळूरकर जन्मतःच स्वतःला डोंगरावरचे समजतो. मुंबईचे नातेवाईक घामानं निथळत येतात तेव्हा ‘आमच्याकडे पंखा लागत नाही’ हे वाक्य तयार असतं. तो तोरा मी विल्बरसमोरही दाखवला. तो आदरानं ऐकत राहिला. मग आम्ही खानावळीचा जिना चढलो. पायऱ्या चौदा. सातव्या पायरीवर मला माझे वडील दिसले, दहाव्या पायरीवर आजोबा. वर पोचेपर्यंत आमच्या घराण्याचा मूळ पुरुष हात पुढे करून उभा होता. विल्बरनं मला कोकाच्या पानांचा गरम काढा पाजला, तेव्हा ही सगळी मंडळी परत गेली.

हिलारियाबाईंचं घर

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं वरच्या गावात गेलो. तिथे हिलारिया नावाच्या बाईंकडे मुक्काम होता. साठी ओलांडलेल्या, डोक्यावर उभट हॅट, दोन वेण्या कमरेपर्यंत, आणि हसल्या की समोरच्या डोंगरावर चरणारे लामा माना वळवून बघायचे. त्या केचुआ भाषेत बोलायच्या, विल्बर ते इंग्रजीत सांगायचा, मी मराठीत उत्तर द्यायचो. स्वल्प उशीर व्हायचा, पण अडलं कधीच नाही.

त्यांच्या स्वयंपाकघरात पायांतून मऊ, गुबगुबीत, उंदरांच्या मामेभावांसारखे प्राणी पळत होते. आमच्याकडे मांजरं फिरतात तशी हौस असेल, असं समजून मी एकाला कुरवाळलं, खिशात उरलेला कोडबळ्याचा चुरा घातला, नावही ठेवलं. मग विल्बरनं सांगितलं की ते सणासुदीला पानात येतात. मी शाकाहारी आहे हे त्यानं बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

पण जेवायला वाढलं ते पाहून मी सुखावलो. बटाटे. पिवळे, जांभळे, काळे, वाकडे, गाठींचे. एक तर वाळवलेला. रात्री बर्फात गोठवायचा, दिवसा उन्हात ठेवायचा आणि पायांनी तुडवून पाणी काढायचं, असं करत करत दगड झालेला. आपले सांडगे आणि त्यांचा हा बटाटा सख्खे भाऊ, फक्त एक उन्हाळ्यात जन्मला आणि दुसरा थंडीत. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध मिरचीच्या रश्शात पोहणारे हिरवे गोळे. मी डोळे मिटून पहिला तोंडात टाकला. चव म्हणाल तर काहीच नाही. भिजलेला साबुदाणा मोठेपणी पोलीस झाला तर दाताखाली जसा लागेल, तसा. पण रस्सा असा शोषून घेतो की तिसऱ्या वाटीला मी स्वतःच हात पुढे केला.

जेवायच्या आधी एक गोष्ट झाली. बाईंनी मक्याच्या आंबवलेल्या पेयाचा पेला उचलला आणि पिण्याआधी दोन थेंब जमिनीवर सांडले. धरणीला आधी, असं विल्बरनं सांगितलं. मी माझ्या सवयीनं ताटाभोवती पाणी फिरवून शेजारी चित्राहुती म्हणून बटाट्याचे चार कण ठेवत होतो. त्या थांबल्या. माझ्या कणांकडे पाहिलं, स्वतःच्या थेंबांकडे पाहिलं, आणि माझ्या वाटीत आणखी एक जांभळा बटाटा घातला. त्या क्षणापासून मी त्या घरातला झालो. मीही बॅगेतून आमच्या दुकानातला नवा कोरा स्टीलचा झारा काढून त्यांना दिला. कोणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि भांडीवाल्यानं तर नाहीच.

वर, पाण्यापाशी

दुपारी आणखी वर चढलो, चार हजार मीटरच्या वर. तिथे डोंगरांच्या कुशीत पाणथळ कुरण पसरलेलं होतं. जमीन म्हणजे हिरव्या, टणक उशांचा ढीग, आणि दोन उशांमध्ये पाण्याची डबकी, आरशासारखी. त्यांत पलीकडची बर्फाची शिखरं उलटी टांगलेली. अल्पाका, म्हणजे लामांची लोकरी भावंडं, चरत होते, थुंकत होते, आणि त्यांचं नेम धरण्याचं कौशल्य इतकं की माझी टोपी तीन वेळा धुवावी लागली.

डबक्यांत गोळे तरंगत होते. काही बोरांएवढे, काही जांभळांएवढे. (एक नारळाएवढा होता, पण तो तुम्ही वजा कराल म्हणून सांगत नाही.) हिलारियाबाई हातानं वेचायच्या, आज त्यांनी माझा झारा घातला. एका खेपेला पाणी खाली, गोळे वर. त्यांनी झारा उन्हात धरून असा न्याहाळला, जणू तो त्यांच्यासाठीच कोणीतरी घडवला होता. मधुराला पाच वेगवेगळ्या डबक्यांतून नमुने घ्यायचे होते, पण तेवढ्यात गारा आल्या. गारा म्हणजे बंगळूरच्या गारा नव्हेत. या गारा ओळखून मारत होत्या. एकाच डबक्यातले गोळे त्याच्याच पाण्यासकट पाचही डब्यांत भरले, झाकणं दाबली आणि पळालो.

गावात उतरेपर्यंत मधुराचं डोकं फुटायला आलं होतं. उंची तिला बाधली. ती काढा पिऊन पांघरुणात गेली. जाताना म्हणाली, डब्यांची झाकणं सैल कर, बाकी काही करू नकोस, सकाळी पाहू.

तीन पाणी

मी पहिलं झाकण उघडलं. आणि वाचकहो, आत काय होतं. चिखल, गवताचे तुकडे, वर तरंगणारी बुळबुळीत साय, आणि बहुधा अल्पाकाचंही काहीतरी. त्यात ते बिचारे गोळे. माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? आमच्या आईनं मला अक्षरं शिकवायच्या आधी पालेभाजी धुवायला शिकवली. तीन पाणी. पहिलं मातीचं, दुसरं मिठाचं, तिसरं देवाचं. तीन पाण्यांतून न काढलेली वस्तू आमच्या घरात डब्यात गेली नाही. आणि हे तर अक्काचे डबे. भाची आजारी पडून आहे, तिची नोकरी या गोळ्यांवर आहे, आणि मामानं ते उकिरड्यासारखे ठेवून झोपायचं?

हिलारियाबाईंच्या चुलीवर पाणी उकळून गार केलं. एकेक डबा घेतला, गोळे हलक्या हातानं चोळले, साय काढली, तीन पाणी केली, आणि स्वच्छ पाण्यात परत ठेवले. काय दिसत होते म्हणून सांगू. पाचूच. चार डबे झाले. पाचव्याचं झाकण मात्र निघेना. वरच्या विरळ हवेत बंद केलेला डबा खाली आल्यावर असा आवळला होता, आणि त्यात नवी रिंग. मी गुडघ्यात धरला, दारात अडकवला, गरम फडका गुंडाळला, शेवटी त्याला मराठीत दोन शब्द सांगितले. तसूभर हलला नाही. सरी, ठीक आहे, म्हटलं, राहू दे. पाच पंचमांश पुण्य कोणालाच मिळत नाही.

सकाळी मधुराचं डोकं उतरलं होतं. ती अंगणात आली, पहिलं झाकण काढलं, मग दुसरं, तिसरं, चौथं. माझे पाचू सुरकुतले होते. काहींची साल फाटून आतलं पाणी बाहेर आलं होतं, आणि डब्यातलं पाणी गवती चहासारखं पिवळट. 

“मामा, तू यांना काही केलंस?”

मला जगातल्या सगळ्या थापा येतात. त्या क्षणी एकही आली नाही.

“धुतले.”

“कसे?”

“आपण भाजी धुतो तसे. तीन पाण्यांतून.”

“मीठ घातलंस?”

“स्वल्प.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि तळहातांनी चेहरा झाकला. परवान्याचा तो शेवटचा दिवस होता. विल्बरनं दुरून आकाशाकडे पाहिलं, पुन्हा ढग जमत होते. एवढ्यात हिलारियाबाई आल्या, त्यांनी डब्यांत डोकावलं आणि काय झालं म्हणून विचारलं. विल्बरनं सांगितलं. त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की हॅट पडली. मग एकदम गंभीर होऊन काहीतरी म्हणाल्या.

“विचारतायत,” विल्बर म्हणाला, “आईला पुसून टाकून पोर का घेऊन आलात?”

ती साय म्हणजे आई, असं त्यांचं म्हणणं. गोळे धुवायचे ते रस्सा उकळत असताना, आणि तेही एकदाच. न्यायचे, वाळवायचे ते अंगच्या सायीसकट, त्याच डबक्याच्या गाळासकट. त्यांच्या आईनं असंच केलं होतं, तिच्याही आईनं. मला एकदम आमची आई आठवली. घर बदललं तेव्हा तिनं सामान टेम्पोत टाकलं, पण विरजणाची वाटी मांडीवर घेऊन बसली होती.

मधुरानं हात चेहऱ्यावरून काढले होते. ती ऐकत होती.

पुन्हा वर

ताजे गोळे वेचायला पुन्हा चढताना रिकामे केलेले चार डबे विल्बरनं घेतले, न उघडलेला पाचवा मीच घेतला, पोटाशी धरून. निदान वजन तरी वाहू द्या, असं मी म्हणालो. तो चढ मी कसा चढलो ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही सगळंच वजा कराल.

पाणथळाच्या काठावर पोचलो आणि माझ्या पोटाशी ‘टप्प’ असा आवाज झाला. मला वाटलं, काळीज गेलं. पाहतो तर झाकण आपणहून सुटलं होतं. वरची हवा पुन्हा वरच्या हवेला मिळाली, एवढंच. मधुरा धावत आली. आम्ही चौघांनी आत डोकी घातली. गढूळ पाणी, गाळ, साय, आणि त्यात गोळे. गोल, घट्ट, चमकदार, जणू आत्ताच वेचलेले.

मधुरा त्या ओल्या उशांवर फतकल मारून बसली. पँट भिजतेय याचं भान नव्हतं.

“मामा, तू एका रात्री जे केलंस,” ती म्हणाली, “तेच मी दोन वर्षं करतेय.”

मग तिनं मला समजावलं, आणि मी ते माझ्या भाषेत तुम्हाला सांगतो. आमच्या लहानपणी बंगळुरात वठारं असायची. एक मालक, मधे अंगण, भोवती दहा-बारा बिऱ्हाडं. हा गोळा म्हणजे तसलं वठार. नॉस्टॉक मालक. तो सूर्यावर जेवण शिजवतो, हवेतून खत आणतो, आणि बुळबुळीत भिंती बांधतो. त्या भिंतींत नाना जातीचे जीवाणू भाड्यानं राहतात. मधुरा शुद्ध मालक हवा म्हणून सगळ्या बिऱ्हाडांना बाहेर काढत होती. आणि मालक रिकाम्या वठारात खंगत होता. बिऱ्हाडांपैकी कोण पाणी भरतं, कोण केर काढतं, कोण मालकाला औषध आणून देतं, हे कोणालाच नीट माहीत नाही. पण ती गेली की भिंती पडतात, असं तिला आता दिसत होतं.

मी म्हटलं, मग झालं की, माझ्यामुळे शोध लागला. ती लगेच तिच्या मामीसारखी कडक झाली.

“एका डब्यावर शास्त्र चालत नाही, मामा. मीठ कशाला घातलंस? मिठानं मेले की धुण्यानं, कसं कळणार?”

“मग?”

“मग आज परत धुवायचं. तूच धुवायचंस. मीठ नाही. अगदी काल चोळलेस तसेच, तेवढीच पाणी.”

तर मंडळी, जगाच्या छपरावर, ढग अंगावर चालून येत असताना, मी शास्त्रासाठी भाजी धुतली. मधुरा घड्याळ लावून उभी, विल्बर वहीत लिहितोय, हिलारियाबाई झाऱ्यानं गोळे काढून देतायत आणि माझ्या प्रत्येक पाण्याला डोळ्याला पदर लावल्यासारखं करतायत. दोन डबे धुतलेले, दोन डबे न धुतलेले, डबक्याच्या गाळासकट. पाचव्याला कोणी हात लावला नाही. शेवटचं झाकण दाबलं आणि पहिली गार माझ्या टोपीवर पडली.

खाली आल्यावर बाईंनी स्वतःच्या शालीएवढ्या फडक्यांवर सगळे गोळे वेगवेगळे पसरून वाऱ्यात वाळवले. दोन दिवसांत वठारांचे मिऱ्यांसारखे काळे दाणे झाले. विल्बरनं कागद केले, शिक्के मारून घेतले. निघताना बाईंनी माझ्या हातात वाळलेल्या बटाट्यांची पिशवी दिली आणि झारा भिंतीवर, त्यांच्या लग्नाच्या फोटोशेजारी टांगलेला दाखवला.

मल्लेश्वरम

परत आल्यावर अक्कानं डबे मोजले. चार. पाचवा संस्थेत होता. वाळलेल्या गोळ्यांना जागं करताना मधुरानं त्याच डब्यातले मूळचे न धुतलेले दाणे परत त्यातच घातले होते, वर काचेचं झाकण आणि दिव्याचा उजेड. काचेच्या भांड्यांत बाकीचे. दिव्याखाली सगळे एका दिवसात टम्म फुगले, धुतलेलेही. धुतले न धुतले सारखेच, म्हणजे माझी डोंगरावरची धुणी फुकट गेली, असं समजून मी दुकानात परतलो.

पुढचे आठवडे मी दुकानात बसायचो आणि मन मल्लेश्वरमला असायचं. गिऱ्हाईक कढई मागायचं, मी परात काढून द्यायचो. अक्का रोज दोन प्रश्न विचारायची, गोळ्यांचं काय आणि डब्याचं काय. मधुराचा आवाज फोनवर आधी सपाट, मग सावध, मग एक दिवस असा की मी रिक्षा करून निघालोच. रिक्षावाल्याला म्हटलं, अण्णा, स्वल्प बेग, जरा लवकर. त्यानं सिग्नल म्हणजे रांगोळी समजून गाडी हाणली.

धुतलेल्यांच्या भांड्यांत हिरवा चिखल होता. न धुतलेल्यांच्या भांड्यांत गोळे होते, गोल. आणि अक्काच्या पाचव्या डब्यात, तिच्या नावावर आणि लग्नाच्या तारखेवर, पाच-सहा नवे, बारीक, मोहरीएवढे गोळे तरंगत होते. ते बंगळुरात जन्मले होते. मोहरीएवढे हा शब्द मी मोजून लिहितोय.

वरिष्ठ बाई तिथेच होत्या. त्यांनी मला विचारलं, एक डबा बंद ठेवायची कल्पना कोणाला सुचली? आयुष्यभर मी ज्या संधीची वाट पाहिली ती समोर उभी होती. मी घसा खाकरला. पण मधुरानं आधीच वही उघडून त्यांच्यापुढे धरली होती. त्यात त्या सकाळची नोंद होती, तिच्या अक्षरात: ‘चार डबे मामांनी धुतले. पाचवा त्यांना उघडता आला नाही.’

बाईंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. नेमणूक पुढे चालू झाली, आणखी तीन वर्षं, भाडेकरू कोण आणि काय करतात ते शोधायला. त्या दोन वाक्यांची नक्कल मी मागून घेतली आणि चौकट करून दुकानात गल्ल्यामागे लावली आहे. माझ्याबद्दल आजवर जे काही सांगितलं गेलं, त्यात काहीच वजा करावं लागत नाही असं तेवढंच आहे.

अक्का मात्र ऐकेना. एका रविवारी तिनं लेकीला समोर बसवून विचारलं की चार आले, पाचवा कधी येणार.

मधुरा म्हणाली, “आई, डबा रिकामा परत द्यायचा नाही हे तूच शिकवलंस. आणि भरलेला आहे तोवर मला तो हलवता येत नाही.”

 आता अक्का चार डबे फळीवर लावते, शेवटी एका डब्याची जागा मोकळी सोडते. पाहुणे विचारतात, अहो, संचात एक कमी दिसतोय. ती पदर सावरून सांगते:

“पाचवा सरकारी नोकरीत आहे.”